सुईवर तीन मासे: घरी टाइमकोडची जोडी बसवताना

मागच्या उन्हाळ्यात एका रात्री साडेनऊच्या सुमाराला आमच्याकडे लाईट गेली. मी माळ्यावर हेडफोन लावून बसले होते. गाणं लॅपटॉपमध्ये, लॅपटॉप बॅटरीवर, साउंडकार्डाला वीज लॅपटॉपच्याच यूएसबीतून. म्हणजे गाणं थांबायचं काही कारण नव्हतं. पण ते खाली बसायला लागलं. बाईंचा आवाज आधी जड झाला, मग पुरुषी, मग रेडा हंबरावा तसा, आणि शेवटी नुसतं घुमून बंद. समोरची तबकडी अंधारात आपल्या वजनाने फिरत फिरत थांबली होती आणि तिच्याबरोबर एमपीथ्रीही थांबली होती.

आई मोबाईलचा उजेड धरून वर आली. “बिघडलं ना तुझं मशीन?” म्हणाली. बिघडलं कसलं, मला तर ती सगळं नीट बसल्याची पावती वाटली.

साताऱ्यात ‘मी डीजे करते’ असं म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत उभी राहते. आईचाही पहिला प्रश्न तोच होता, “घरात डीजे? काचा राहतील का खिडक्यांच्या?” मी सांगतेय तो प्रकार म्हणजे टाइमकोड, खास खुणा भरलेली तबकडी हाताने फिरवून लॅपटॉपमधलं गाणं चालवायचं. तो दोन टर्नटेबल (तबकडी फिरवणारी यंत्रं), दोन्हींचा आवाज मिसळणारा एक मिक्सर, एक साउंडकार्ड आणि एक लॅपटॉप एवढ्यात बसतो. काचा शाबूत आहेत.

आम्ही सोनार. खाली पेढी, मागे कारखाना, वर घर, त्याच्यावर माळा. ही जोडी मी तीनदा मांडली. पहिल्या दोन्ही वेळा सुरुवात लॅपटॉपपासून केली, मग वायरी, आणि सुईकडे सगळ्यात शेवटी बघितलं. दोन्ही वेळा आवाज तुटका, गाणं डुगडुगतं, आणि मी सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये रात्री घालवतेय. तिसऱ्यांदा उलटीकडून आले. तेव्हापासून कुणी विचारलं की मी सांगते, पहिले चार दिवस लॅपटॉप पिशवीतून काढूच नका.

त्याचं कारण कळायला तबकडीवर काय असतं ते कळायला हवं. तिच्यावर गाणं नसतं. एक शिट्टी असते. सेराटो कंपनीच्या तबकडीवर ती 1000 हर्ट्झची आहे. पेटीवर पांढरी एकला सा धरलात तर तार सप्तकातला शुद्ध निषाद, किंचित चढा. दोन मिनिटं ऐकली तर कान किटतात. 33⅓ च्या वेगाने तबकडीचा एक फेरा 1.8 सेकंदांत होतो, म्हणजे एका फेऱ्यात 1800 लाटा. एक लाट म्हणजे अंशाचा पाचवा हिस्सा. तुम्ही बोटाने तबकडी केसभर मागे ओढलीत तरी लॅपटॉपला कळतं ते यामुळे. स्वर चढला की वेग वाढला, उतरला की कमी झाला. दिशा कळण्यासाठी डाव्या आणि उजव्या बाजूला तोच स्वर, पण पाव लाटेच्या अंतराने भरलेला असतो. कोण पुढे आणि कोण मागे, यावरून तबकडी सुलटी फिरतेय की उलटी ते ठरतं. आणि लाटांच्या उंचीत बारीक फरक करून आकडे गुंफलेले असतात. त्यावरून सुई तबकडीवर नेमकी कुठे आहे तेही कळतं.

बिचारं सॉफ्टवेअर एवढंच करतं. सुई काय सांगते ते ऐकतं आणि तसं गाणं हलवतं. सुईने चुकीचं सांगितलं तर तेही इमानाने चुकतं.

ही कल्पना आधी बाजारात आली ती ‘फायनल स्क्रॅच’ नावाने, हॉलंडमधून. रिची हॉटिन आणि जॉन अ‍ॅक्वाविवा या दोघा डीजेंनी ती उचलून धरली. 2004 मध्ये न्यूझीलंडच्या सेराटोने अमेरिकेतल्या रेन कंपनीबरोबर ‘स्क्रॅच लाइव्ह’ काढलं आणि मग ती सगळीकडे पसरली. बर्लिनच्या एका कंपनीच्या अशाच सॉफ्टवेअरचं नाव ‘ट्रॅक्टर’ आहे. हे ऐकून बाबा बराच वेळ हसत होते. “म्हणजे शेवटी ट्रॅक्टर आलाच!”

आता टर्नटेबल. पट्ट्यावर चालणारं घेऊ नका. मी घेतलं होतं. दिसायला देखणं, दुकानदार म्हणाला डीजेसाठी चालतं, पावतीवरही तसं लिहून दिलं. त्यात मोटर एका बाजूला असते आणि रबरी पट्टा तबकडीखालची थाळी फिरवतो. हाताने तबकडी धरून सोडली की ती दमेकऱ्यासारखी हळूहळू वेग घेते, आणि पट्टा पुढे सैल पडतो. आपल्याला डायरेक्ट ड्राइव्ह हवं, ज्यात थाळी मोटरच्याच आसावर बसते. टेक्निक्सचं एसएल-1200एमके2 हे 1979 चं मॉडेल अजून सगळ्यांचं गुरू का, तर बटण दाबल्यावर 0.7 सेकंदात पूर्ण वेग. 2010 मध्ये कंपनीने ही मालिका बंद केली, 2016 मध्ये परत सुरू केली. इतर कंपन्याही आता चांगली डायरेक्ट ड्राइव्ह बनवतात. सुटकेससारखी झाकणाची जी प्लेअर मिळतात ती मात्र या कामाची नाहीत. त्यांच्या सुईचं वजन आपल्या हातात नसतं.

माझी दोन्ही सेकंडहँड आहेत. सेकंडहँड घेताना तीन गोष्टी बघते. थाळी हाताने फिरवली की खरखर नको. टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, बोटाने हलकेच वर-खाली, डावी-उजवीकडे हलवला की अडकायला नको आणि खुळखुळायलाही नको. आणि थाळीच्या कडेच्या ठिपक्यांमधली मोठ्या ठिपक्यांची ओळ, वेगाची दांडी शून्यावर असताना, लाल दिव्यात थिजल्यासारखी स्थिर दिसायला हवी. चौथी गोष्ट बाबांनी बघितली. दुसरं टेबल आलं तेव्हा मी प्लग लावायला निघाले होते. त्यांनी सवयीने उलटं करून मागची पट्टी वाचली, जसा दागिन्याचा हॉलमार्क वाचतात तशी. 100 व्होल्ट. जपानसाठी बनलेलं होतं. आपल्या 230 वर लावलं असतं तर तिथल्या तिथे धूर. मग स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आणला. विकणाऱ्याने त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

बैठक. माळ्याची जमीन लाकडी, चालताना दणदणते. सुई तो दणका उचलते आणि उडी मारते. शेजारी स्वयंपाकघराच्या ओट्याचं काम चाललं होतं. तिथून उरलेल्या कडप्प्याचे दोन तुकडे आणले, साधारण दोन फूट बाय दीड. टेनिसचे बॉल मधोमध कापून प्रत्येकाखाली चार अर्धुकं ठेवली, वर कडप्पा, वर टर्नटेबल. मग गवंड्याची पाणसळ थाळीवर आडवी ठेवायची, मग उभी, आणि टेबलाचे पाय फिरवून बुडबुडा मधोमध आणायचा. स्पीकर त्याच टेबलावर ठेवू नका. स्पीकरचा घुमारा टेबलातून सुईत, सुईतून परत स्पीकरमध्ये असा फेरा सुरू होतो आणि घर घुमायला लागतं.

थाळीवरचा जाड रबरी मॅट काढून ठेवा. त्याच्या जागी पातळ कापडी स्लिपमॅट. तो थाळीला चिकटल्यासारखा वाटला तर खाली बटरपेपरचा तबकडीएवढा गोल कापून घाला, मधोमध भोक. हातात तबकडी धरली की थाळी खालून निवांत फिरत राहिली पाहिजे.

आता सुई, म्हणजे माझा आवडता भाग.

टोनआर्मच्या टोकाला हेडशेल असतं, त्यात कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेली डबी, बसतं. ऑर्टोफोनच्या कॉन्कॉर्डसारखं अखंड घेतलंत तर जुळवाजुळव वाचते, नुसतं आत सारून रिंग फिरवायची. जुन्या स्क्रॅच करणाऱ्यांच्या (तबकडी हाताने मागेपुढे घासून आवाज काढणाऱ्यांच्या) तोंडी शुअरचं एम44-7 असतं, पण शुअरने 2018 मध्ये कार्ट्रिज बनवणंच थांबवलं. आज त्या नावाने कुणी नवंकोरं विकत असेल तर दोनदा विचार करा. सुटं कार्ट्रिज घेतलंत तर हेडशेलच्या चार केसाएवढ्या वायरी पिनांवर चढवाव्या लागतात. पांढरी डाव्याची, निळी डाव्याच्या परतीची, लाल उजव्याची, हिरवी उजव्याच्या परतीची. मी सोन्यात खडे बसवायचा चिमटा वापरते. वायर धरू नका, तिच्या टोकाची पितळी टोपी धरा. वायर ओढली की टोपी निघून हातात येते आणि मग डाग द्यायला बसावं लागतं. टेक्निक्सच्या आर्मवर सुईचं टोक आणि हेडशेलच्या मागच्या रबरी वॉशरची कड यांत 52 मिलिमीटर ठेवायचे. पट्टी लावा आणि मोजा. अंदाजाने काम करणारा सोनार आणि अंदाजाने सुई लावणारा डीजे, दोघांची गिऱ्हाइकं सारखीच पळतात.

मग वजन. आधी अँटीस्केट, म्हणजे आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून दिलेली उलटी ओढ, शून्यावर. सुईचं झाकण काढा. टोनआर्म टेकूवरून सोडवून हातात धरा आणि मागचं काउंटरवेट फिरवत जा. एक क्षण असा येतो की आर्म हवेत आडवा तरंगतो, ना वर जातो ना खाली. तराजूची दोन्ही पारडी समान झाल्यावर काटा जसा मधे उभा राहतो ना, अगदी तसं. तिथे आकड्यांची रिंग, नुसती रिंग, शून्यावर आणा. त्यानंतर वजन आणि रिंग एकत्र फिरवत कार्ट्रिजच्या कागदावर लिहिलेल्या आकड्यापर्यंत जा. माझ्या कागदावर 3 ग्रॅम होतं.

रिंगवरच्या आकड्यावर माझा विश्वास नाही. पेढीवरचा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा मी वर नेला, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा. सुई त्याच्या पारड्यावर ठेवली. 4.62. परत ठेवली. 4.58. रिंग तर तीनच दाखवत होती. मी वजन मागे घेतलं, काट्यावर तीन आणलं, तबकडीवर ठेवलं तर सुई जरा हात लागला की उडायची. बाबा मागे उभे होते. त्यांनी खिशातून लोहचुंबक काढलं, जे ते मोडीच्या सोन्याला लावून बघतात, आणि पारड्याला लावलं. चिकटलं.

“तुझ्या सुईत चुंबक असतं का गं?”

असतं. कार्ट्रिजमध्ये चुंबक आणि तारेची वेटोळीच तर असतात. काट्याचं पोलाद त्या चुंबकाला खाली ओढत होतं आणि काटा ती ओढ वजनात धरत होता. बाबांनी काचेचा जाड तुकडा पारड्यावर ठेवला, काटा शून्य केला. “पंखा बंद कर.” पंखा बंद. सुई काचेवर. आता वजन बरंच कमी आलं, कारण मी आधीच फसून मागे घेतलं होतं. पुन्हा वाढवत नेलं. 2.97 ला मी थांबले. बाबांनी मनात हिशेब केला. तोळा 11.66 ग्रॅमचा, तोळ्याचे बारा मासे. “तीन मासे. पुष्कळ झालं,” ते म्हणाले आणि काटा घेऊन खाली गेले. एक ध्यानात ठेवा, सुई तबकडीच्याच उंचीवर असताना मोजायची. काटा उंच असला तर थाळीवरून उतरवा आणि पुस्तकं रचून उंची जुळवा.

वजन कमी ठेवलं की तबकडी जपली जाते, हा समज चुकीचा आहे. कमी वजनाची सुई खाचेत नाचते आणि खाचेच्या भिंती फोडते. कंपनीने दिलेल्या मर्यादेत, वरच्या बाजूला राहा. आर्मची उंची अशी की तबकडीवर सुई असताना आर्म बाजूने बघितल्यावर तबकडीला समांतर दिसेल. अँटीस्केट मी शून्यावरच ठेवते. हाताने मागे-पुढे करताना त्याचा उपयोग कमी आणि त्रास जास्त.

वायरींमध्ये एकच गोष्ट डोक्यात पक्की करा. टर्नटेबलची लाल-पांढरी जोडी मिक्सरला जात नाही. ती साउंडकार्डाच्या इनपुटला जाते. कार्डातून यूएसबीने लॅपटॉपला. लॅपटॉपमधलं गाणं त्याच यूएसबीने परत कार्डात, आणि कार्डाच्या आउटपुटमधून मिक्सरच्या लाइन इनपुटला. मिक्सरचं बटण फोनोवर (थेट सुईच्या बारीक सिग्नलसाठी असतं ते) नको, लाइनवर हवं. फोनोवर राहिलं तर आवाज फाटून कानठळ्या बसतील. काही मिक्सरांत साउंडकार्ड आतच असतं, तेव्हा टर्नटेबल सरळ त्याला लावायचे आणि एक यूएसबी. पैसे असतील तर तेच घ्या, निम्म्या वायरी वाचतात.

कार्ड वेगळं घेणार असाल तर दोन स्टिरिओ आत आणि दोन स्टिरिओ बाहेर, म्हणजे चार इनपुट, चार आउटपुट हवेत. नुसतं ‘साउंडकार्ड’ म्हणून दोन इनपुटचं घेऊन फसलेले दोघं मला माहीत आहेत. दुसरं, सुईतून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो, फोनो पातळीचा. बेहरिंगरच्या यूएमसी404एचडीसारख्या कार्डाला चार इनपुट आहेत पण फोनो नाही. मधे दोन छोटे फोनो प्रीअँप, म्हणजे सिग्नल मोठा करणारे डबे, लावावे लागतात. किंवा टर्नटेबलच्या पाठीवर फोनो आणि लाइन असं बटण असेल तर लाइनवर करा. दोन्ही एकदम नको, प्रीअँपवर प्रीअँप चढतो.

आणि अर्थिंगची वायर. टर्नटेबलमधून लाल-पांढऱ्याशेजारी एक बारीक वायर निघते, टोकाला पितळी काटा. ती लोंबकळत ठेवलीत की ‘घोंऽऽ’ असा आवाज, विजेच्या 50 हर्ट्झचा. जुन्या सवयीने लोक ती मिक्सरच्या स्क्रूला लावतात. सुईचा आवाज ज्या डब्यात शिरतो त्या डब्याला ती लावायची, म्हणजे कार्डाला किंवा प्रीअँपला. दोन्ही टर्नटेबलच्या वायरी एकाच ठिकाणी.

तरीही घोंघों राहिली तर एकेक गोष्ट काढत जा. लॅपटॉपचा चार्जर काढा. गेली? मग चार्जरचा दोष. सगळ्या वस्तू एकाच बोर्डावर, एकाच थ्री-पिन सॉकेटवरून घ्या. थ्री-पिनची मोठी पिन मोडून घोंघों घालवायचा सल्ला मला एका वायरमनने छातीठोकपणे दिला. असलं काही करू नका, गाण्यापेक्षा जीव महाग. आमच्याकडे शेवटचा गुन्हेगार इन्व्हर्टर निघाला. स्क्वेअर वेव्हचा होता. लाईट असताना सगळं स्वच्छ, इन्व्हर्टरवर गेलं की मधमाश्या. साइन वेव्हचा घेतल्यावर थांबलं. आता माळ्याची लाइन मी इन्व्हर्टरवर ठेवलेलीच नाही, म्हणून तर त्या रात्री गाणं खाली बसलं.

आता काढा लॅपटॉप.

सॉफ्टवेअर मी मिक्स्स वापरते. नावात शेवटी तीन एक्स आहेत. फुकट आहे, मुक्त आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि सेराटोची सीव्ही02 तबकडी ओळखतं. सेराटोचं स्वतःचं सॉफ्टवेअर जास्त गुळगुळीत आहे, पण ते ठरावीक हार्डवेअरच मानतं आणि बऱ्याचदा टाइमकोडचे वेगळे पैसे मागतं. साउंड हार्डवेअरच्या पानावर डेक (सॉफ्टवेअरमधली टर्नटेबलं) एक आणि दोनचे आउटपुट कार्डाच्या पहिल्या आणि दुसऱ्या जोडीला द्या, आणि इनपुटमध्ये व्हायनल कंट्रोल एक आणि दोन तसेच. मग व्हायनल कंट्रोलच्या पानावर तबकडीचा प्रकार, बाजू आणि वेग निवडा. तबकडी सीव्ही02 आणि निवडलं ट्रॅक्टर, असं झालं तर गाणं नीट चालणार नाही. दोघांच्या शिट्ट्या वेगळ्या आहेत.

त्याच पानावर एक छोटी गोल खिडकी आहे. सगळं मर्म तिच्यात आहे. सुई ठेवा, तबकडी फिरू द्या. डावी आणि उजवी बाजू पाव लाटेच्या अंतराने आहेत ना, त्यामुळे दोन्ही मिळून खिडकीत एक वर्तुळ उमटतं. ते गोल, सलग आणि स्थिर दिसायला हवं. माझं पहिलं वर्तुळ लंबगोल आलं होतं. बाबांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, “बांगडी चेपलीये.” यापेक्षा नेमकं वर्णन मला कुठल्या माहितीपत्रकात सापडलं नाही. बांगडी एका बाजूने चेपली असेल तर एका कानाचा आवाज दुसऱ्यापेक्षा कमी येतोय. हेडशेलच्या मागे चार बारीक पिना असतात, त्या काळ्या पडतात. पेन्सिलीच्या खोडरबराने हलकेच पुसा, परत बसवा. बांगडीची नुसती तार झाली, म्हणजे सरळ रेघ, तर एक बाजू मेली आहे. वायरी बघा. बांगडी केसाळ दिसली तर सुईवर धूळ किंवा लाइनमध्ये घोंघों. बांगडी खिडकीबाहेर जाऊन चौकोनी व्हायला लागली तर आवाज जास्त आहे, गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) कमी करा.

बांगडी गोल, आणि गाणं उलटं? माझं तसं झालं. तबकडी सुलटी, खिडकी हिरवीगार, आणि गाणं शेवटाकडून सुरुवातीकडे. अर्धा तास मी सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या. कार्डाच्या मागे लाल आणि पांढरी अदलाबदल झाली होती, बस. डावा-उजवा फिरला की पुढचा मागचा होतो आणि दिशा उलटते. तिथे बरोबर असेल तर हेडशेलच्या चार वायरी परत मोजा.

बफर. हात हलला आणि आवाज आला यांत किती उशीर होतो ते याच्यावर ठरतं. 44.1 किलोहर्ट्झला 256 चा बफर म्हणजे जेमतेम 6 मिलिसेकंद, 512 म्हणजे 12 च्या जवळ. 256 पासून सुरू करा. गाण्यात टिकटिक, कडकड नसेल तर 128 करून बघा. कडकड आली की एक पायरी वर. विंडोजवर कार्डाचा एएसआयओ ड्रायव्हर (हा उशीर कमी करणारा) टाका, वायफाय बंद ठेवा आणि कार्ड सरळ लॅपटॉपच्या पोर्टला लावा, हबला नाही. जाता येता बारा-पंधरा मिलिसेकंद गेले तरी नुसतं मिक्सिंग करणाऱ्याला जाणवत नाही. स्क्रॅच करणाऱ्याला पहिल्याच ‘चिक’ला जाणवतं.

अ‍ॅब्सोल्यूट आणि रिलेटिव्ह यांतलं काय निवडायचं हे सगळे विचारतात. अ‍ॅब्सोल्यूटमध्ये तबकडी गाण्यासारखी वागते. सुई उचलून मधे ठेवली की गाणंही मधे. शिकताना तेच ठेवा, पण वाटतं तेवढं ते पुरत नाही. तबकडीच्या एका बाजूला साधारण पाव तासाच्या आतच शिट्टी असते. मी एकदा बाबांसाठी पंचवीस मिनिटांचा विलंबित ख्याल लावला, द्रुत सुरू व्हायच्या आतच तबकडी संपली. बाबांच्या चेहऱ्यावर जेवताना लाईट गेल्यासारखा भाव. रिलेटिव्हमध्ये सुई कुठेही ठेवा, गाणं होतं तिथूनच पुढे जातं. सुई उडाली तरी सूर तुटत नाही. मी शिकून झाल्यावर कायमची रिलेटिव्हवर गेले.

तबकडीच्या मधल्या लेबलवर एक चिकटपट्टी लावा, घड्याळाच्या बाराच्या काट्यासारखी, म्हणजे गाण्याची सुरुवात कुठे आहे ते अंधारात दिसतं. आमच्याकडे दागिन्यांच्या किमतीच्या टॅगची फ्लोरोसंट चिठ्ठी आहे, तीच लावली. रिलेटिव्हमध्ये ती हळूहळू सरकल्यासारखी वाटते, तेवढं चालवून घ्यायचं.

निगा थोडीशीच. दर बसण्याआधी सुई दहापट दाखवणाऱ्या भिंगातून बघते. टोकाला कापसाचं बोंड असतंच, आमच्याकडे तर गाद्या गच्चीवर झाडतात. मऊ ब्रशने मागून पुढे, एकदा, कधीच आडवं नाही. तबकडी झिजते ती सुरुवातीच्या पट्ट्यात, कारण आपण दरवेळी तिथेच सुई ठेवतो. बांगडी त्या जागी केसाळ दिसायला लागली की आत सरकून सुरुवात करा किंवा बाजू उलटा. साताऱ्याच्या पावसाळ्यात कागदी कव्हरांना बुरशी धरते, म्हणून जूनच्या आधी सगळ्या तबकड्या प्लॅस्टिकच्या पाकिटात, उभ्या. आडवी चळत नको, खालची वाकते. आजोबांच्या 78 च्या जाड तबकड्यांवर ही सुई टेकवायचा मोह होतो. त्यांची खाच रुंद, सुई वेगळी लागते. हात आवरा.

दुसऱ्या टर्नटेबलला पहिल्यापासून सगळं परत. पाणसळ, आर्म, काच ठेवून काटा, बांगडी. दोन्हींचं वजन एकसारखं नसलं तर हाताला दोन वेगळी वाद्यं वाटतात. रात्री दहानंतर मी स्पीकर बंदच करते, हेडफोनवर जाते. नियमही तसाच आहे आणि शेजारच्या काकूंचा कानही.

दोन्ही बसल्यावर एक परीक्षा घ्या. दोन्ही डेकवर एकच फाइल लावा, वेगाच्या दोन्ही दांड्या शून्यावर, आणि बोटाने ढकलत ढकलत दोन्ही एकमेकांवर आणा. जवळ आली की आधी टाळी दुहेरी ऐकू येते, मग एकेरी, आणि बरोबर चढली की आवाज पोकळ होतो, लांब नळातून वारा गेल्यासारखा सूंऽऽ करत फिरतो. त्या जागी हात काढून घ्या आणि घड्याळ बघा. माझी पहिली जोडी चार सेकंदांत सुटली होती. एका टेबलाची सुई सव्वादोन ग्रॅमवर आहे, ते तेव्हा कळलं. आता दीड-दोन मिनिटं एकत्र चालतात आणि मग हळूच एक टाळी दुसरीच्या मागून डोकावायला लागते.